विजेच्या तारखेपलीकडचा प्लाझ्मा

गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या एका वाचनालयात अणुसंमीलनावर व्याख्यान झाले आणि त्यानंतरची चर्चा व्याख्यानापेक्षा लांबली. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना जी ऊर्जा मोकळी होते ती पृथ्वीवर मिळवता येईल का, असा मूळ प्रश्न होता. श्रोत्यांतील काही तरुणांचे म्हणणे असे की, दहा-पंधरा वर्षांत समुद्राच्या पाण्यातून हवी तेवढी वीज निघेल आणि मग ज्या गोव्याला बहुतेक सगळी वीज राज्याबाहेरून आणावी लागते त्या गोव्यात तारा ओढण्यासाठी मोलेच्या जंगलाला हात लावण्याचा प्रश्नच उरणार नाही. एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यांना उत्तर दिले की, ही वीज गेली सत्तर वर्षे ‘आणखी तीस वर्षांत’ येतच आहे; फ्रान्समधील ईटर या अवाढव्य संमीलन-यंत्राला हातभार लावण्यापेक्षा सरकारने चवथीच्या दिवसांत आमच्या वाड्यावरचा दिवा जाणार नाही एवढे पाहावे. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या. मराठीत ढगांतून कोसळते तीही वीज आणि मीटरवर मोजली जाते तीही वीजच. त्या सभागृहात दोन्ही पक्षांना फक्त दुसरी वीज ऐकू येत होती. पहिली, जी प्रत्यक्ष प्लाझ्माच, म्हणजे विद्युतभारित वायूच असते, ती बाहेर कडाडत होती.

मी तीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे, आणि या वादात माझे मत स्पष्ट आहे. प्लाझ्मा संशोधनाचे मोल वीजकेंद्र सुरू होण्याच्या तारखेवर ठरवणे ही चूक आहे, आणि ती समर्थक व विरोधक दोघेही सारख्याच हिरिरीने करतात. काचेच्या नळीतील गुलाबी प्रकाशापासून सूर्याच्या किरीटापर्यंत, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या तेजोवलयापर्यंत, पसरलेले हे एकच शास्त्र आहे. त्याला सार्वजनिक पैसा मिळावा तो हे शास्त्र जाणण्यासाठी, ते जाणणारी माणसे घडवण्यासाठी. आणि त्या पैशाचा काही वाटा मोठ्या यंत्रांच्या पलीकडे, लहान विद्यापीठांपर्यंत पोचावा.

प्लाझ्मा म्हटले की करोनाच्या साथीनंतर आपल्याकडे बहुतेकांना रक्तातला प्लाझ्मा आठवतो, आणि नावापुरता तो घोटाळा समजण्यासारखा आहे. आयर्व्हिंग लँगम्युर यांनी १९२८ मध्ये हा शब्द भौतिकशास्त्रात आणला तो विद्युतभारित वायूच्या एका अवस्थेसाठी. वायू पुरेसा तापवला किंवा त्यातून पुरेसा विद्युतप्रवाह सोडला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उरलेले धनभारित आयन व हे इलेक्ट्रॉन मिळून एक असे द्रव्य बनते, जे वायूसारखे वाहते पण वीज आणि चुंबकत्व यांच्या आज्ञेत राहते. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणू असे फुटतील याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले, आणि त्यामुळे ताऱ्यांचे वर्णपट वाचून त्यांचे तापमान सांगणे शक्य झाले. म्हणजे या विषयाच्या पायाचा एक दगड आपल्याच देशात घडला आहे, आणि तो घडला तेव्हा वीजनिर्मितीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

आता विरोधकांचे म्हणणे घेऊ, कारण त्यात तथ्य बरेच आहे. १९५५ मध्ये जिनिव्हातील अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी भाकीत केले की, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल. ती दोन दशके १९७५ मध्ये संपली. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनने हारवेल येथील झेटा या यंत्रात संमीलन साधल्याचे मोठ्या गाजावाजाने जाहीर केले आणि काही महिन्यांतच ते मागे घ्यावे लागले, कारण यंत्रातून बाहेर पडलेले न्यूट्रॉन उष्णतेमुळे झालेल्या संमीलनाचे नव्हतेच. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या ईटर या यंत्रात भारत भागीदार आहे; तेथे पहिला प्लाझ्मा २०२५ मध्ये निर्माण व्हायचा होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये, आणि ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचे खरे प्रयोग २०३९ मध्ये. आपल्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील एसएसटी-१ हे यंत्र १००० सेकंद प्लाझ्मा धरून ठेवण्याच्या उद्देशाने आखले गेले. ते त्या उद्दिष्टाच्या जवळही पोचलेले नाही. अमेरिकेत ५ डिसेंबर २०२२ रोजी संमीलनाच्या एका प्रयोगात लेझरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली तेव्हा जगभर मथळे झळकले, पण ते लेझर पेटवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती हे वाक्य बातमीच्या तळाशी राहिले. समुद्राच्या पाण्यातील इंधनाचे आश्वासनही अर्धेच खरे आहे. ड्यूटेरियम समुद्रात मुबलक आहे, पण आज ज्या संमीलनाचा विचार होतो त्याला ट्रिटियमही लागते. ते साडेबारा वर्षांहून कमी काळात निम्मे उरते, निसर्गात जवळजवळ सापडत नाही, आणि भट्टीभोवतीच्या लिथियमपासून ते पुरेशा प्रमाणात बनवून दाखवणे अजून बाकी आहे. शिवाय स्वतः ईटरमधून एक युनिट वीजही बाहेर जाणार नाही. ५० मेगावॉट उष्णता घालून ५०० मेगावॉट मिळते का, हे पाहण्यासाठीच ते यंत्र आहे.

हे सगळे मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो असा: या साऱ्यातून काय सिद्ध होते? तारीख देणारे चुकले, एवढे निश्चित सिद्ध होते. त्यांच्याविषयी माझी तक्रार त्या ज्येष्ठ गृहस्थांपेक्षाही मोठी आहे, कारण खोट्या तारखेवर मिळवलेला पैसा तारीख उलटली की परत मागितला जातो, आणि त्या वेळी यंत्राबरोबर शास्त्रही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते. परंतु तारीख चुकली म्हणून काम निष्फळ झाले, हे अनुमान कोणत्या न्यायाने निघते? युरोपच्या जेट या यंत्रातून २०२१ मध्ये एका प्रयोगात ५९ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा मिळाली आणि २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल. २०२५ च्या आरंभी चीनच्या ईस्ट या यंत्रात प्लाझ्मा १०६६ सेकंद टिकला आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्ट या यंत्रात १३३७ सेकंद. यातून घराला वीज मिळत नाही. पण दहा कोटी अंशांच्या आसपासचे द्रव्य कोणत्याही भिंतीला न टेकवता चुंबकीय क्षेत्रात कसे सांभाळायचे, हे माणसाला पूर्वीपेक्षा अधिक समजले आहे, आणि समजले आहे ते टप्प्याटप्प्याने, मोजून, चुका मान्य करून.

विरोधाचा सर्वांत सबळ आवाज मात्र त्या सभागृहात कोणी आठवला नाही, आणि तो तर आपल्याच मातीतला आहे. गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभांचे सहकारी होते, आणि अणुऊर्जेच्या प्रश्नावर त्यांचे भाभांशी उघड मतभेद होते. भारतासारख्या उष्ण, गरीब आणि विखुरलेल्या वस्तीच्या देशाने प्रचंड खर्चाच्या केंद्रीय अणुभट्ट्यांमागे न लागता सूर्यप्रकाशाचा उपयोग करावा, असे ते पन्नास-साठच्या दशकांत, ते म्हणणे लोकप्रिय नसताना, मांडत राहिले. १९६२ मध्ये त्या संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. आज गोव्यातील घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या दिसतात तेव्हा त्या माणसाची दूरदृष्टी मान्य करावीच लागते. पंधरा कोटी किलोमीटरवर एक संमीलन-भट्टी अब्जावधी वर्षे अखंड चालू आहे आणि तिची ऊर्जा अंगणात पोचते आहे, तर दुसरी भट्टी इथे कशाला, हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मी त्याला असे उत्तर देईन. कोसंबींचा युक्तिवाद वीज कोठून घ्यावी याविषयी आहे, आणि तेवढ्यापुरता मला तो आजही पटतो: येत्या वीस वर्षांत गोव्याला लागणारी वीज संमीलनातून येईल असे मानून एकाही सौर पट्टीचे काम थांबवणे हा वेडेपणा होईल. पण तोच युक्तिवाद प्लाझ्माच्या अभ्यासाविरुद्ध वापरता येत नाही, कारण छपरावरची ती पट्टीच या अभ्यासाची साक्ष देते. सिलिकॉनच्या सौर घटांवर जो निळसर मुलामा दिसतो तो सिलिकॉन नायट्राइडचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे प्रकाश परावर्तित होऊन वाया जात नाही, आणि तो थर सर्रास प्लाझ्माच्या कोठीत चढवला जातो. आपल्या हातातील भ्रमणध्वनीच्या चिपवरील सूक्ष्म रेषा प्लाझ्मानेच कोरलेल्या असतात. इस्पितळांतील संसर्गजन्य कचरा प्लाझ्माच्या उष्णतेने नष्ट करण्याचे तंत्र गांधीनगरच्या त्याच संस्थेने विकसित केले, जिला ‘वीज कुठे आहे’ असे विचारले जाते, आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत ही पद्धत मान्य आहे. सूर्य की प्लाझ्मा, अशी निवड आपल्यापुढे नाहीच; सूर्य हाच प्लाझ्मा आहे आणि त्याचा प्रकाश पकडणारे साधनही प्लाझ्मातून आलेले आहे. तरीही एवढ्या उपयोगांवर माझी भिस्त ठेवू इच्छित नाही. उपउत्पादनांची यादी वाचून दाखवणे हा समर्थकांचा आवडता मार्ग आहे आणि तो कमकुवत आहे, कारण कोणीही उलट विचारू शकतो की मुलामा हवा होता तर मुलाम्यावरच खर्च का केला नाही. खरे कारण अधिक खोल आहे, आणि ते समजण्यासाठी कुलाब्याला जावे लागेल.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांजवळ एकाएकी पांढरा झगझगाट दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आजवर नोंदलेले सर्वांत प्रबळ म्हणून ओळखले जाणारे चुंबकीय वादळ आदळले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वेळी मुंबईत कुलाबा वेधशाळेत माणसे चुंबकसूचीची जागा डोळ्यांनी पाहून वहीत आकडे लिहीत होती. चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्यांनी नोंदवली. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्मा पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला धडकला आहे हे त्यांना कळण्याचा संभव नव्हता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून ३८ वर्षे होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली, आणि आकड्यांची वही जपली गेली. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी त्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि त्यांच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मांडली. आज वीजजाळे आणि उपग्रह यांना असलेल्या सर्वांत वाईट धोक्याचा अंदाज बांधताना जगभरचे तज्ज्ञ मुंबईतील त्या हस्तलिखित आकड्यांकडे वळतात. हा धोका काल्पनिकही नाही: १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण कमी तीव्रतेच्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास घालवली. १८५९ मध्ये कुलाब्याच्या खर्चाचा हिशेब कोणी ‘याचा उपयोग काय’ या एका प्रश्नावर बंद केला असता, तर आज आपल्याकडे काय असते? आणि ज्या गोव्याची वीज शेकडो किलोमीटरच्या तारांतून येते, त्या गोव्याने तरी या शास्त्राला ‘आपल्याशी काय संबंध’ असे विचारावे का?

यावर एक सुशिक्षित आक्षेप नेहमी येतो: श्रीमंत देश हे संशोधन करतच आहेत, तयार ज्ञान विकत घ्यावे. तो आक्षेप घेणाऱ्याने आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा विचार केलेला नसतो. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा, आयनांबर म्हणून ओळखला जाणारा थर हा प्लाझ्माच आहे, आणि तो सगळीकडे सारखा नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे दिवसा आयनांबरात विजेचा एक तीव्र प्रवाह वाहतो आणि सूर्यास्तानंतर विरळ प्लाझ्माचे प्रचंड बुडबुडे वर चढतात, ज्यांतून जाताना उपग्रहांचे संदेश थरथरतात. अग्निबाण सोडण्यासाठी केरळातील थुंबा निवडले गेले ते याच आकाशासाठी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला तेव्हाही भुकेल्या देशाला अग्निबाण कशाला, असे विचारले गेले होते. पुढे विमानांना अचूक स्थान सांगणारी गगन ही प्रणाली उभारताना नेमका हाच अनुभव आला: मध्य अक्षांशांवरच्या आयनांबरासाठी अमेरिकेत वापरलेली गणिते आपल्या आकाशाला पुरेशी लागू पडेनात, आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांना भारतीय आयनांबराचे स्वतंत्र प्रतिमान तयार करावे लागले. ते कोठे विकत मिळणार होते? मालिम किंवा कुटबणच्या धक्क्यावरून संध्याकाळनंतर निघणारा ट्रॉलर ज्या उपग्रहसंदेशावर आपली जागा ठरवतो तो याच थरातून खाली येतो. आणि समजा ज्ञान विकत मिळाले, तरी ते खरे की खोटे हे पारखायला माणूस लागतोच. १९६८ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी टी-३ या टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या वलयाकार यंत्रात, सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे सांगितले तेव्हा पाश्चात्त्यांचा विश्वास बसला नाही. १९६९ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेतील चमू स्वतःची लेझर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेला, स्वतः मोजले, आणि रशियनांचा दावा खरा ठरला. झेटाच्या नाचक्कीतून अकरा वर्षांत ब्रिटनने काय कमावले होते, ते इथे दिसते: मोजू शकणारी माणसे.

प्रयोगशाळा आणि अवकाश यांना वेगवेगळ्या खात्यांत टाकून त्यांच्या खर्चाची तुलना करणे हीही या वादातली एक मोठी गफलत आहे. हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये वर्तवलेल्या चुंबकीय लहरी सूर्याच्या किरीटाला तापवत असाव्यात असे मानण्यास चांगली कारणे आहेत. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५८०० अंशांचा आणि त्याच्या बाहेरचे किरीट दहा लाख अंशांच्या वर, या कोड्याचे ते एक संभाव्य उत्तर आहे. त्याच लहरी टोकामॅकमध्ये उठल्या तर वेगवान कणांना बाहेर फेकून भट्टी थंड करू शकतात. सौर ज्वालांत चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात तसेच टोकामॅकच्या गाभ्यातही होते. धुळीच्या कणांनी भरलेल्या प्लाझ्मात ध्वनीसारखी एक अतिमंद लहर असली पाहिजे, असे १९९० मध्ये ज्या तिघांनी लिहिले त्यांपैकी एक, एन. एन. राव, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील होते. पाच वर्षांत अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या छोट्या प्रयोगात ती प्रत्यक्ष पाहिली गेली, सेकंदाला काही सेंटिमीटर सरकणारी, डोळ्यांना दिसेल इतकी संथ. शनीच्या कड्यांपासून चिपच्या कारखान्यापर्यंत असा धूळभरला प्लाझ्मा आढळतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी उडालेले आदित्य-एल१ आज १५ लाख किलोमीटरवरून सौरवारा, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणारा प्लाझ्मा, मोजत आहे, त्यातील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवली आहे. गांधीनगरच्या पहिल्या टोकामॅकचे नावही आदित्यच होते, १९८९ पासून. नाव ठेवणाऱ्यांना जे उमगले होते ते अंदाजपत्रकावर वाद घालणाऱ्यांना का उमगू नये?

गोव्यात ‘प्रकल्प’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात आधी जमीन येते, डोंगर येतो, कोणाची तरी काजूची बाग येते. ही भीती अनुभवातून आलेली आहे आणि तिला मागासलेपणा म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. मी जे मागतो आहे त्याला डोंगर लागत नाही. एक खोली, एक चांगला निर्वात पंप, काचेची नळी, उच्च दाबाचा वीजपुरवठा, वर्णपट पाहण्याचे साधन, आणि प्लाझ्मात खुपसून त्याचे तापमान मोजणारी, लँगम्युर यांनीच दाखवून दिलेली बारीक तार: एवढ्यात पदव्युत्तर विद्यार्थी खरे संशोधन सुरू करू शकतो. ईटरसाठी भारताने सुमारे ९ टक्के वाटा उचलला आहे, गुजरातमधील हजिऱ्यात त्या यंत्राला वेढणारे ३८५० टनांचे शीतपात्र घडवले आहे, आणि ते काम अभिमानाचेच आहे. पण ते यंत्र चालेल तेव्हा त्यापुढे बसणारी मुले आज कोणत्या प्रयोगशाळेत हात काळे करत आहेत, हा प्रश्न विधानसभेत आणि संसदेत विचारला जायला हवा. गोव्याला दूरच्या प्रयोगांचे वावडे कधीच नव्हते. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली, तिचा वारसा सांगणारे ध्रुवीय संशोधन केंद्र आज वास्कोच्या सड्यावर उभे आहे, आणि तिकडे अंटार्क्टिकावरील मैत्री तळावर आजही चुंबकमापके सूर्यावरून आलेल्या प्रत्येक धक्क्याची नोंद घेत आहेत.

मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात काचेची एक जुनी नळी होती. हवा काढत गेले की आधी जांभळी रेघ दिसे, मग गुलाबी प्रकाश नळीभर पसरे, आणि आणखी दाब उतरला की तो प्रकाश तुटून एकाआड एक उजळ आणि काळे पट्टे उमटत. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, हे पट्टे समान अंतरावरच का? मी तिला पुस्तकातले चार शब्द सांगितले. खरे उत्तर असे होते की त्या आयनीभवनाच्या लहरी आहेत, त्यांच्यावर जगात अजूनही काम चालू आहे, आणि हाताशी चालता पंप असता तर दाब बदलून, अंतरे मोजून, तिचे ती निम्मे उत्तर शोधू शकली असती. पंप त्याच वर्षी बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा ‘अभ्यासक्रमात आवश्यक नाही’ असा शेरा मारून तो परत आला. नळी अजून त्या कपाटात आहे, शाबूत आहे. तिला फक्त पंप हवा आहे.